मूर्च्छेपासून निवेदनापर्यंत : संत बहिणाबाईंचे आत्मकथन आणि मनोविकारांची परिभाषा

१

मराठी समीक्षेने मानसशास्त्राकडून बरेच काही घेतले. दमित वासना, न्यूनगंड, आदिबंध, अबोध मन हे शब्द समीक्षालेखनात रुळून आता जुने झाले आहेत. मात्र या संकल्पनांचा उपयोग प्रामुख्याने लेखकाच्या किंवा पात्राच्या मनात दडलेले काहीतरी उकरून काढण्यासाठी झाला. चिंता, देहाचे रूप घेऊन येणारे दुःख आणि जाणिवेत पडणारी फूट हे तीन अनुभव मराठी वाङ्मयात विपुल असूनही त्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो.

मनोविकारशास्त्रात या अनुभवांना चिंताविकृती, कायरूप विकृती आणि विच्छेदी विकृती अशी नावे मिळाली आहेत. चिंताविकृतीत भीतीला निश्चित विषय नसतो, किंवा विषयाच्या मानाने भीती फार मोठी असते. छाती धडधडते, श्वास अडतो, घाम सुटतो. कायरूप विकृतीत दुखणे खरे असते, पण तपासण्यांतून त्याचे पुरेसे शारीरिक कारण हाती लागत नाही. रोगी सोंग करीत नसतो, ही गोष्ट येथे विशेषत्वाने लक्षात ठेवावी लागते. विच्छेदी विकृतीत स्मृती, स्वतःची ओळख, देहावरील ताबा आणि भोवतालचे भान यांची नेहमीची एकसंधता तुटते. मूर्च्छा, विस्मरण, आपल्या ठिकाणी दुसरेच कोणी बोलत आहे असा अनुभव ही तिची रूपे होत.

ही त्रिविध विभागणी स्वयंसिद्ध मात्र नाही. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली ज्या विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला तो 'हिस्टेरिया' एकच होता. मराठीत त्याला 'उन्माद' म्हटले गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीने हे नाव सोडले आणि त्याखाली एकत्र नांदणारी लक्षणे कायरूप व विच्छेदी अशा दोन घरांत वाटून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२च्या दहाव्या वर्गीकरणाने मात्र देहाचे लक्षण आणि भानाची फूट पुन्हा एका शीर्षकाखाली आणली. २०१३ साली अमेरिकन वर्गीकरणातून 'कायरूप' हे नावही गेले. २०२२पासून अमलात आलेल्या अकराव्या जागतिक वर्गीकरणात संचारावस्थेला वेगळे स्थान आहे. पण समूहाने मान्य केलेल्या धार्मिक आचाराचा भाग म्हणून येणारा संचार हा विकार समजू नये, अशी मर्यादाही त्यासोबत आहे. म्हणजे, विकार कोठे संपतो आणि आचार कोठे सुरू होतो हे ठरवताना शास्त्रालाही अखेर भोवतालच्या समूहाकडे पाहावे लागते. अर्थनिर्णयनाचा प्रश्न असा वैद्यकाच्या गाभ्यातच उभा राहतो, आणि म्हणून तो समीक्षेचाही प्रश्न ठरतो.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक वाट मराठी भाषेतच आहे. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, धसका बसतो, हातपाय गळतात, वाचा बसते, अंगात येते, वारे भरते. या वाक्प्रयोगांत दुःखाचे ठिकाण देह आहे, एवढेच नेहमी नोंदवले जाते. त्यांच्या व्याकरणाकडे मात्र लक्ष गेलेले नाही. 'तिच्या पोटात गोळा आला' या वाक्यात कर्ता गोळा आहे. 'त्याला धसका बसला' या वाक्यात कर्ता धसका आहे. अनुभव घेणारी व्यक्ती षष्ठीत किंवा चतुर्थीत उभी असते. तिच्याकडे काही करण्याचे कर्तेपण नसते. तिच्या ठिकाणी काहीतरी घडते. 'तिच्या अंगात आले' या वाक्यात तर कर्त्याची जागा मोकळीच आहे. काय आले, कोण आले, हे वाक्य सांगत नाही. ती जागा ऐकणाऱ्यांनी भरायची असते. कोणी तेथे देव घालतो, कोणी भूत, कोणी विकार, तर कोणी ढोंग.

मनोविकारांच्या वाङ्मयीन विचाराचा कणा या मोकळ्या जागेत आहे. लक्षण काय आहे, या प्रश्नाइतकाच ते कोणापुढे प्रकट होते आणि त्याचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोण घेते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांच्या आधारे मांडायचा आहे.

२

देवगाव ते देहू हा बहिणाबाईंचा प्रवास त्यांच्याच अभंगांतून कळतो. जन्म सुमारे १६२८ सालचा, वेरूळच्या परिसरातील देवगावी. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी, रत्नाकर पाठकांशी झाले. भाऊबंदकीच्या आणि कर्जाच्या कटकटीतून आई, वडील, पती यांच्यासह त्यांना घर सोडावे लागले. भिक्षा मागत, पंढरपूर करीत हे कुटुंब कोल्हापुरास पोचले. तेव्हा बहिणाबाईंचे वय अकराच्या आसपास होते.

कोल्हापुरातील प्रसंग या आत्मकथनाचा मध्य आहे. ज्या ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला तेथे एक गाय आणि तिचे वासरू होते. वासराला बहिणाबाईंचा एवढा लळा लागला की ते त्यांच्याशिवाय राहीना. कीर्तनालाही मागोमाग येई. जयरामस्वामींच्या कीर्तनात स्वामींनी या मुलीच्या आणि वासराच्या मस्तकावर हात ठेवला. त्याची गावात चर्चा झाली आणि ती पतीच्या कानी गेली. पतीने बहिणाबाईंना मारले, बांधून ठेवले. गायवासरांनी चारापाणी सोडले. पुढे वासरू मरण पावले आणि बहिणाबाई बेशुद्ध पडल्या. या अवस्थेतून बाहेर येण्याच्या क्रमातच त्यांना तुकारामांचे स्वप्नदर्शन झाले आणि मंत्र मिळाला.

आजच्या परिभाषेत या घटनाक्रमाचे वर्णन करणे अवघड नाही. बालवयातील विवाह, घर सुटणे, मारहाण, जिवलग प्राण्याचा मृत्यू, त्यानंतरची दीर्घ मूर्च्छा आणि दर्शन. विच्छेदी विकृतीच्या पाठ्यपुस्तकात जसे उदाहरण दिले जाते तसेच हे दिसते. परंतु नेमके येथेच सावध राहावे लागते. सतराव्या शतकातील व्यक्तीचे निदान आज कोणालाही करता येणार नाही. हाती आहे ती व्यक्ती नसून संहिता आहे. आणि ही संहिता प्रत्यक्ष घटनेनंतर, पुष्कळ काळाने, एका विशिष्ट वाङ्मयप्रकारात सिद्ध झालेली आहे. समीक्षेला प्रश्न विचारायचा तो या संहितेला.

संहितेला विचारले असता पहिली गोष्ट जाणवते ती निवेदनाच्या सुसंगतीची. 'डोरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णेचा वृत्तांत फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभी त्याने असे निरीक्षण मांडले की अशा रुग्णांना स्वतःच्या आयुष्याचा सुसंगत वृत्तांत सांगता येत नाही. त्यात खंड पडतात, कालक्रम ढळतो, आणि उपचार पुरा होताना सुसंगत कहाणी हाती येते. या कसोटीवर बहिणाबाईंचे आत्मकथन लावून पाहावे. गावांची नावे, स्वतःचे वय, माणसे, त्यांची नाती, एका घटनेतून दुसरी कशी निघाली याचा क्रम, हे सारे त्यात नीट लागलेले आहे. मूर्च्छेलाही त्यात तिची जागा आहे: तिच्या आधी काय घडले, भोवती कोण होते, नंतर काय झाले. ज्या काळात भान नव्हते तो काळदेखील भानावर असलेल्या वाणीने कथेत बसवला आहे. म्हणून या अभंगांना 'उन्मादाची अभिव्यक्ती' म्हणणे वाङ्मयीनदृष्ट्या चूक आहे. मूर्च्छा ही घटना आहे. अभंग ही त्या घटनेची कथा आहे. या दोहोंत जे अंतर आहे तेच या वाङ्मयाचे कार्य होय.

३

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या आत्मकथनात बहिणाबाईंच्या देहावस्थेचे वाचक संहितेतच उपस्थित आहेत.

पहिला वाचक पती. त्याच्या वाचनात ही अवस्था म्हणजे कुळाचाराचा भंग. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि पत्नीला स्वप्न पडते ते शूद्र तुक्याचे. लोक तिच्या दर्शनाला येतात. त्याचा संताप पत्नीच्या आजारपणावर नाही, त्या आजारपणाला मिळणाऱ्या मानावर आहे. दुसरे वाचक जयरामस्वामी. त्यांच्या लेखी ही मुलगी पूर्वजन्मीची साधना अपुरी राहिलेली योगभ्रष्ट आहे. तिला मारणे गैर आहे. तिसरा वाचक देहूचा मंबाजी. कुटुंब देहूला आल्यावर त्याने बहिणाबाईंना आपले शिष्यत्व घेण्यास सांगितले. तुकारामांना गुरू मानल्याचे कळताच तो वैरी झाला. शूद्राच्या पायी ब्राह्मण लागतात, ही तक्रार त्याने पुण्यास लिहून कळवली. त्याच्या दृष्टीने स्वप्नाचा प्रश्न हा सरळसरळ जातीचा प्रश्न होता.

एकाच देहावस्थेची अशी तीन वाचने समोर ठेवून निवेदन पुढे सरकते. त्यातही एक तपशील लक्षणीय आहे. पत्नीला टाकून निघून जाण्याचा निश्चय केलेला पती ऐन वेळी स्वतः आजारी पडतो. बहिणाबाई त्याची शुश्रूषा करतात. आपण भक्तीची आणि तुकारामांची निंदा केली, त्याचे हे फळ, असा अर्थ तो आपल्या दुखण्याचा लावतो, आणि बरा झाल्यावर बदलतो. म्हणजे या कथेत देहाने बोलणारी केवळ स्त्री नाही. पुरुषाचा देहही बोलतो. फरक असा की पत्नीच्या मूर्च्छेचा अर्थ इतरांनी ठरवायचा आणि तिच्या खरेपणाची शहानिशा करायची. पतीच्या दुखण्याचा अर्थ मात्र तो स्वतः ठरवतो आणि तो अर्थ सर्वांना मान्य होतो. उन्माद हा स्त्रियांचा विकार समजला गेला त्यामागची विषमता या दोन शेजारच्या प्रसंगांत जशी उघडी पडते तशी ती सिद्धान्तनातून क्वचितच कळते.

आय. एम. लुइस यांनी १९७१ साली संचारविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की अनेक समाजांत संचार हे दुर्बलांचे, विशेषतः स्त्रियांचे, आडवळणाने केलेल्या प्रतिकाराचे साधन असते. जे स्वतःच्या तोंडाने मागता येत नाही ते देवाच्या तोंडाने मागता येते. हे स्पष्टीकरण बहिणाबाईंना काही अंशी लागू पडते. स्वप्नदर्शनानंतर त्यांच्याकडे असा गुरू आला की ज्याला घरातून हाकलता येत नव्हते. परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. याच गाथेत पतिव्रताधर्माचे सविस्तर अभंग आहेत. पती हाच देव, असे त्या निःसंदिग्धपणे मानतात. अॅन फेल्डहाउस यांनी १९८२च्या निबंधात पत्नीधर्म आणि संतपण यांतील हा ताण मध्यवर्ती मानला आहे. बहिणाबाईंना केवळ बंडखोर ठरवायचे तर हे अभंग वगळावे लागतात, आणि केवळ पतिव्रता ठरवायचे तर मूर्च्छा वगळावी लागते. 'वज्रसूची'चा आशय मराठीत आणून जन्मसिद्ध ब्राह्मण्यावर प्रश्न उभा करणारी कवयित्रीही तीच आहे. एका अर्थी ही फूट त्यांनी मिटवलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी शब्द दिले आणि त्या एकाच गाथेत शेजारी ठेवल्या.

गणनाथ ओबेसेकरे यांची मांडणी येथे अधिक उपयोगी ठरते. 'मेडुसाज हेअर' (१९८१) आणि 'द वर्क ऑफ कल्चर' (१९९०) या ग्रंथांत त्यांनी लक्षण आणि प्रतीक यांत भेद केला. लक्षण माणसाला भूतकाळात बांधून ठेवते. संस्कृतीने दिलेल्या सामग्रीतून त्याचे प्रतीक झाले की त्याला पुढची वाट मिळते. बहिणाबाईंना ही सामग्री वारकरी परंपरेने दिली. तुकारामांना स्वतःला बाबाजी चैतन्यांकडून गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नातच. नामदेवांनी कवित्वाची आज्ञा केली तीही स्वप्नातच. स्वप्नातील गुरू ही या परंपरेत मान्य झालेली वाट होती. जिची वाट इतरांनी अगोदर चालून ठेवली आहे असा अनुभव एकाकी राहत नाही. कोल्हापुरातील अकरा वर्षांच्या मुलीच्या मूर्च्छेला त्यामुळे एक व्याकरण मिळाले.

तथापि ओबेसेकरे यांच्या प्रतिपादनात एक पायरी राहून जाते. प्रतीक झाले म्हणजे दुःख सामाजिक झाले. पण ते कोणाला तरी सांगितले गेले, असे त्यातून होत नाही. जट हे प्रतीक आहे, पण जट स्वतःची हकीगत सांगत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत प्रतीकाच्या पुढची पायरी, म्हणजे निवेदन, गाठली गेली. मृत्यू जवळ आला असता पुत्र विठोबाला समोर बसवून त्या आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीगत सांगतात. चालू जन्म तेरावा. एका देहात अनेक ओळखी, हे विच्छेदाचे ठळक लक्षण मानले जाते. येथे त्या ओळखी एकमेकींना विसरून एकाच देहासाठी भांडत नाहीत. त्या एकामागून एक, क्रमाने, एका ऐकणाऱ्याला उद्देशून सांगितल्या जातात. क्रम आणि श्रोता या दोन गोष्टी मिळाल्या की फूट कथा होते.

४

मंबाजीच्या छळाच्या प्रसंगात हीच गोष्ट निराळ्या बाजूने दिसते. मंबाजीने बहिणाबाईंच्या गाईला बांधून मारले आणि त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उठले, असे त्या सांगतात. चरित्रकारांनी याला चमत्कार मानले, बुद्धिवाद्यांनी दंतकथा. मानसशास्त्रीय वाचक त्यात देहावर उमटलेल्या सहवेदनेचे उदाहरण पाहील. तिन्ही वाचने 'हे घडले का' एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात.

निवेदनाच्या रचनेत या प्रसंगाचे स्थान पाहिले तर वेगळा अर्थ निघतो. कोल्हापुरात बहिणाबाईंना बांधून मारले तेव्हा त्या माराची खूण मुक्या जनावरांवर उमटली. त्यांनी चारा सोडला. देहूत मुक्या जनावराला बांधून मारले तेव्हा खूण गुरूच्या पाठीवर उमटली. मार तोच आहे, बांधणेही तेच आहे. तो सोसणारा देह मात्र बदलत गेला आहे. पहिल्या वेळी दुःख माणसाकडून मुक्या प्राण्याकडे गेले, दुसऱ्या वेळी मुक्या प्राण्याकडून बोलत्या कवीकडे आले. 'मला मारले' हे जिला मोठ्याने सांगता येत नव्हते तिच्या कथेत मारल्याची साक्ष अखेर गावातल्या सर्वांत समर्थ वाणीच्या पाठीवर लिहिली जाते. देहाचे दुःख एकट्याचे राहत नाही, हा वारकरी अनुभव आहे. तो येथे कोणत्याही उपदेशाशिवाय आला आहे.

५

आधुनिक मराठी साहित्यात हा धागा पुढे कसा आला, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'मध्ये (१९६६) साक्षात्कार खरा की भ्रम, याचा निर्णय कादंबरी देत नाही. समीक्षेने या अनिर्णयाला गूढता म्हटले आणि तेथेच थांबली. वस्तुतः साक्षात्काराचा अर्थ लावण्याचा मक्ता एका पुरुषाकडे गेला की त्याची किंमत भोवतालच्या स्त्रियांच्या देहांना कशी मोजावी लागते, याची ती कादंबरी आहे. राजन गवस यांच्या 'चौंडकं'मध्ये (१९८५) मुलीच्या केसांत सापडलेली जट हा यल्लमाचा कौल ठरतो आणि तिचे आयुष्य देवीला वाहिले जाते. येथे देहावरची खूण वाचणारे अनेक आहेत. जिच्या डोक्यात जट आहे तिला मात्र विचारणारा कोणी नाही. बहिणाबाईंच्या आत्मकथनात वाचकांमध्ये भांडण तरी होते, आणि शेवटचा शब्द निवेदिकेचा होता. गवसांच्या कादंबरीत वाचकांचे एकमत आहे, आणि ते एकमतच भयावह आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हे एकमत मोडण्याचे मोठे काम महाराष्ट्रात केले. जटनिर्मूलन, भानामतीच्या प्रकरणांचा शोध, अंगात येणाऱ्या स्त्रीला मांत्रिकाकडे न नेता मानसोपचाराकडे नेण्याचा आग्रह, ही कामे तिच्या खाती जमा आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे या कृत्यांचा त्याच्या अनुसूचीत समावेश आहे. बहिणाबाईंना बांधून मारले गेले ते भूत उतरवण्यासाठी नव्हे. तरीही विकल झालेल्या देहाला प्रथम बांधायचे, ही रीत किती जुनी आणि किती चिवट आहे, ते या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

मात्र 'अंगात येणे खोटे आहे' या वाक्याचा आशय काय, याचाही विचार झाला पाहिजे. देव आला नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल तर ते बरोबर आहे. त्या स्त्रीला काही झालेले नाही, असा त्याचा अर्थ होत असेल तर ते चूक आहे. कर्त्याच्या मोकळ्या जागेतून देव काढून घेतला तरी ती जागा मोकळी राहतेच. तेथे निदानाचे नाव बसवल्याने उपचाराची वाट मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. दुःखाला प्रतीक म्हणून गौरवून रोग्याला औषधापासून दूर ठेवणे हा साहित्याच्या नावाने केलेला दुसरा अन्याय ठरेल. परंतु निदान झाले म्हणजे हकीगत ऐकून झाली, असे होत नाही. सुधीर कक्कर यांनी 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' (१९८२) या ग्रंथात राजस्थानातील बालाजीच्या देवळात येणाऱ्या पीडितांचा अभ्यास केला. देवळातील पद्धतीत रोग्यासोबत कुटुंबही येते आणि दुःख सर्वांपुढे मांडले जाते, याची त्यांनी आधुनिक उपचाराशी तुलना केली. त्या तुलनेतले मर्म देवळात नाही. ऐकणाऱ्यांच्या उपस्थितीत आहे.

६

या चर्चेचा वर्तमानाशी असलेला संबंध बहिणाबाईंच्याच भूगोलात दिसतो. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या उत्तर अंगाला, खेड तालुक्यातले निघोजे हे गाव आहे. चाकण औद्योगिक वसाहतीचा विस्तार या गावच्या हद्दीत आला आणि शेतजमिनींच्या जागी मोटारींचा मोठा कारखाना व त्याला सुटे भाग पुरवणारे उद्योग उभे राहिले. पाळ्यांमध्ये काम करणारी, कंत्राटावर आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तरेकडील राज्यांतून येथे आली आहेत. देवगावचे एक कर्जबाजारी कुटुंब सतराव्या शतकात ज्या नदीकाठी आले, त्याच नदीकाठी मराठवाड्यातील कुटुंबे आजही येत आहेत. प्रयोजने वेगळी आहेत; घर सुटण्याचे कारण पुष्कळदा तेच आहे.

कारखाना आणि संचार यांचा संबंध दूरान्वयाने जोडलेला वाटण्याचे कारण नाही. ऐहवा ओंग यांनी १९८७च्या ग्रंथात मलेशियातील इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत काम करणाऱ्या खेड्यांतल्या मलाय मुलींचा अभ्यास मांडला. यंत्रांच्या रांगेत, सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून काम करताना या मुलींना भुते दिसत, त्यांना आवरणे कठीण होई. व्यवस्थापनाने त्याला 'हिस्टेरिया' म्हटले, गुंगीची औषधे दिली, मांत्रिकही बोलावला, आणि पुन्हा पुन्हा झपाटल्या जाणाऱ्या मुलींना कामावरून कमी केले. ओंग यांच्या मते त्या भुतांत कामाच्या शिस्तीविरुद्धचा आणि पुरुषी अधिकाराविरुद्धचा न उच्चारलेला निषेध होता. येथेही कर्त्याची मोकळी जागा आहे आणि ती भरण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही स्पष्ट आहे. लक्षणाला वैद्यकीय नाव दिल्याने ते कामाच्या परिस्थितीपासून तोडले गेले आणि मुलीच्या स्वभावदोषात जमा झाले.

निघोजे किंवा चाकण पट्ट्याविषयी असा अभ्यास समोर नसताना तेथील माणसांवर मलेशियाचा निष्कर्ष लादणे योग्य होणार नाही. प्रश्न मात्र विचारता येतो, आणि तो साहित्याचा आहे. गिरणगावाने मराठी साहित्याला कामगार दिला. नारायण सुर्वे आणि बाबूराव बागूल यांच्या लेखनात त्याची भूक, त्याचा संताप, त्याची संघटना आली. कंत्राटावर आलेल्या, संघटनेविना राहिलेल्या, पाळी बदलली की झोप हरवणाऱ्या माणसाची छातीतली धडधड, तपासण्यांत न सापडणारी पाठदुखी, अचानक बसणारी वाचा या गोष्टी मराठी कथात्म साहित्यात अद्याप ठळकपणे आलेल्या दिसत नाहीत. संतापाला घोषणा मिळते. धडधडीला भाषा मिळणे अवघड असते, कारण तिचा कर्ता कोण, हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते.

बहिणाबाईंच्या आत्मकथनाचे महत्त्व याच संदर्भात नव्याने लक्षात घ्यावे लागते. वारकरी संप्रदायाने त्यांना संत म्हणून जपले. जस्टिन अॅबट यांच्या १९२९च्या भाषांतरापासून ते आत्मचरित्र म्हणून अभ्यासले गेले. स्त्रीवादी समीक्षेने त्यांच्यातील ताण दाखवला. यांपैकी कोणतेही वाचन टाकून देण्याची गरज नाही. त्यांत एकाची भर घालावी लागते. देहाने जे सांगितले त्याचा अर्थ पतीने, स्वामीने आणि वैऱ्याने आपापल्या परीने लावल्यानंतर, त्या साऱ्या अर्थांसह ती गोष्ट जिच्या देहावर घडली तिने स्वतः सांगितली, असे हे मराठीतील एक अत्यंत जुने लेखन आहे. मनोविकारांच्या परिभाषेने समीक्षेला दुखण्याचे नाव घेण्याची शिस्त द्यावी, आणि समीक्षेने त्या परिभाषेला नाव घेण्याआधी हकीगत पुरी ऐकण्याची आठवण द्यावी, एवढी देवाणघेवाण दोघांनाही उपकारक आहे. या दृष्टीने लीळाचरित्रातील 'स्थिती'च्या नोंदी, गुरुचरित्रातील बाधेच्या कथा आणि वाघ्यामुरळी, आराधी, जोगते यांच्या संचाराची मौखिक गाणी यांचेही पुनर्वाचन व्हायला हवे. त्या प्रत्येक ठिकाणी देहात काय आले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. ते कोणाला सांगितले जात होते, याची अद्याप व्हायची आहे.